बायबल : ऐकलेले आणि लिहिलेले

डिसेंबरात वसईपासून गोव्यापर्यंत घरोघरी ख्रिस्तजन्माचे गोठे सजतात. गवत, गाय, गाढव, मेंढपाळ आणि उंटांवरून आलेले तीन राजे. या देखाव्यातले तीन राजे बायबलमध्ये नाहीत. पूर्वेकडून काही मागी आले, म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणारे ज्ञानी लोक आले, एवढेच मत्तय सांगतो. ते किती होते, याचा आकडा तो देत नाही. भेटवस्तू तीन होत्या म्हणून माणसेही तीन ठरली आणि पुढे परंपरेने त्यांना मुकुट चढवले. गाय आणि गाढवही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रकथांत, नाहीत. २५ डिसेंबर ही तारीखही त्यांत नाही. एदेन बागेतल्या त्या फळाला उत्पत्तीच्या पुस्तकात नाव नाही, सफरचंद नंतर आले. पैसा सर्व पापांचे मूळ आहे, असे बायबल म्हणते हेही ऐकीवच. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात दोष पैशाला दिलेला नाही, पैशाच्या हव्यासाला दिला आहे.

हे सगळे निरुपद्रवी आहे. गोठ्यातला एखादा उंट कमी झाला म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. पण काही समजुतींमुळे हा ग्रंथ आज कुणाच्या कामाचा आहे का, या प्रश्नाचे उत्तरच चुकते. श्रद्धाळू म्हणतो, त्यात काना-मात्रा बदललेली नाही, म्हणून तो कालातीत. टीकाकार म्हणतो, एवढे जुने नियम, आता त्यांचे काय करायचे? दोघांच्याही डोळ्यांसमोर एक नियमावली असते. प्रत्यक्षात हातात येतो तो शेकडो वर्षे चाललेला एक वाद, आणि माझ्या मते तो टिकला याचे कारण या वादातच आहे.

गैरसमज : बायबल हे एका सुरात बोलणारे एकच पुस्तक आहे

प्रॉटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिकांच्या ७३; इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चची यादी त्याहून लांब. ही पुस्तके हिब्रू, अरामी आणि ग्रीक भाषांत, अनेक शतकांच्या काळात, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी लिहिली. त्यात कायदे आहेत, वंशावळ्या आहेत, विलाप आहेत, गीतरत्नासारखी उघड शृंगारिक कविता आहे, आणि फिलेमोनाला लिहिलेले पानभराचे खासगी पत्रही आहे.

ही पुस्तके एकमेकांशी भांडतात. नीतिसूत्रे सांगतात की नीतीने वागणाऱ्याचे भले होते. ईयोबाचे पुस्तक नीतिमान माणसालाच राखेत बसवते आणि त्याची समजूत घालायला आलेल्या मित्रांची तयार उत्तरे शेवटी देवाकडूनच खोटी ठरवते. एज्राच्या पुस्तकात परजातीच्या बायका घरातून काढून लावण्याचा निर्णय होतो. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मवाबी लोकांना देवाच्या मंडळीत प्रवेश नाकारला आहे. आणि रूथचे पुस्तक एका मवाबी विधवेची गोष्ट इतक्या मायेने सांगते की शेवटी ती खुद्द दावीद राजाची पणजी निघते. संकलन करणाऱ्यांनी यातले एक ठेवून दुसरे काढले नाही. बाहेरून आलेल्यांना आपले म्हणायचे की नाही, हा प्रश्न आज कुठल्याही देशाच्या निवडणुकीत ऐकू येतो. बायबलमध्ये त्याच्या दोन्ही बाजू नोंदलेल्या आहेत.

मग ही यादी ठरवली कुणी? डॅन ब्राउनच्या ‘द दा विंची कोड’ (२००३) या कादंबरीनंतर एक उत्तर फार पसरले : सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाच्या परिषदेत सोयीची पुस्तके ठेवली, गैरसोयीची जाळली. ३२५ सालच्या त्या परिषदेत वाद झाला तो एरियसच्या शिकवणुकीवर, म्हणजे पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा की त्याने निर्मिलेला, यावर. ईस्टर कधी पाळायचा, हेही ठरले. ग्रंथांची यादी परिषदेच्या निर्णयांत नाही. चार शुभवर्तमाने दुसऱ्या शतकाच्या अखेरीसच रूढ झाली होती, आणि नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी सापडते ती आलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ३६७ साली लिहिलेल्या ईस्टरपत्रात. एका बैठकीत हात वर करून झालेला हा निर्णय नव्हता. वाचून वाचून, काही पुस्तकांवर बराच काळ कुरकुर होऊन, यादी स्थिरावत गेली.

गैरसमज : त्यात एक अक्षरही बदललेले नाही

आणि याचा जुळा भाऊ : ते इतके बदलले आहे की मूळ काही उरलेलेच नाही. दोन्ही चूक.

१९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यात यशयाचे जवळजवळ संपूर्ण पुस्तक होते, इसवी सनाच्या आधीचे. तोवर ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या हिब्रू प्रतींपेक्षा ही प्रत सुमारे एक हजार वर्षांनी जुनी. दोन्ही ताडून पाहिल्यावर दिसले की फरक आहेत, पण बहुतेक शुद्धलेखनाचे आणि एखाद्या शब्दाचे. हजार वर्षे हाताने नकलून काढलेल्या मजकुराच्या मानाने हे थक्क करणारे आहे. मात्र त्याच गुहांत यिर्मयाच्या पुस्तकाचे असेही तुकडे मिळाले, जे प्राचीन ग्रीक भाषांतरातल्या आखूड पाठाशी जुळतात. तो पाठ रूढ हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. म्हणजे त्या काळी एकाच संदेष्ट्याची दोन पुस्तके शेजारी शेजारी वाचली जात होती.

नव्या कराराचे उदाहरण तर सिनेमापर्यंत पोचलेले आहे. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला दगडांनी मारायला जमाव जमतो आणि पहिला दगड कुणी मारायचा, असा प्रश्न येशू त्यांच्यापुढे टाकतो. ‘रोटी’ (१९७४) चित्रपटातले मुमताज आणि राजेश खन्ना यांच्यावरचे गाणे याच गोष्टीवरून आले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही गोष्ट नाही. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख प्रतींत नाहीत. हे कुणी लपवलेले नाही. आजची बहुतेक भाषांतरे हे उतारे कंसात छापतात किंवा खाली टीप देतात. ज्यांना या टिपांनी श्रद्धेला धक्का बसेल अशी भीती वाटते, त्यांनी एवढे पाहावे की या टिपा लिहिणारे बहुसंख्य अभ्यासक ख्रिस्तीच होते.

गैरसमज : हे गोऱ्या साहेबाबरोबर आलेले पुस्तक

बायबलची जवळजवळ सगळी कथा पश्चिम आशियात आणि इजिप्तमध्ये घडते. येशूची बोली अरामी. हिंदुस्थानचा उल्लेख त्यात आहे, एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओवीत, पर्शियन साम्राज्याची हद्द सांगताना. केरळातले ख्रिस्ती लोक वास्को द गामा येण्याच्या कित्येक शतके आधीपासून सिरियाक भाषेतून उपासना करत होते.

मराठीपुरते बोलायचे तर पहिले नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हा जेझुइट माणूस इंग्रज खरा, पण तो गोव्यात आला १५७९ साली, ईस्ट इंडिया कंपनी जन्मायच्या आधी. त्याने लिहिलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या, पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे नव्याचे. हे भाषांतर नाही. ज्ञानेश्वरी-भागवताच्या छंदात आणि थाटात नव्याने रचलेली कथा आहे. मात्र त्या काळच्या गोव्यात या धर्मामागे पोर्तुगीज सत्तेचे बळ आणि १५६० पासून इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा धाक होता, हे झाकून क्रिस्तपुराणाचे कौतुक करणे प्रामाणिक नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

छापील मराठी भाषांतरे आली एकोणिसाव्या शतकात. सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरी आणि त्यांचे मराठी सहकारी वैजनाथ पंडित यांनी काम सुरू केले. मत्तयचे शुभवर्तमान १८०५ साली निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनने आपली आवृत्ती काढली. पण परकीय पुस्तक या आरोपाला सगळ्यांत ठोस उत्तर केडगावात तयार झाले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्या रमाबाईंना प्रचलित मराठी बायबल फार संस्कृतप्रचुर वाटे. मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याकडे आसऱ्याला आलेल्या, नुकतीच अक्षरे गिरवू लागलेल्या बायकांना ते कळणार कसे? म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर एकटीच्या जबाबदारीवर हाती घेतले. मिशनचाच छापखाना, आणि जुळणीपासून छपाईपर्यंतची कामे शिकलेल्या तिथल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर काम पुरे होत आले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या बाईने जाणीवपूर्वक संस्कृत शब्द टाळून मराठी लिहावी, ही आपल्या भाषेच्या इतिहासातली मोठी घटना आहे. तिची दखल आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांनी फारच हात राखून घेतली.

कॅथलिक बायबल वाचत नाहीत, ही समजूतही जाता जाता निकालात काढू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्वसामान्यांनी बायबल वाचावे आणि ते लोकभाषांत यावे, असा स्पष्ट आग्रह धरला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्याच वाटेवरचे. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते.

गैरसमज : हा सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा ग्रंथ आहे

या समजुतीला पुरावा भरपूर आहे. गुलाम बाळगणाऱ्यांनी बायबल हाती धरले, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला धर्मशास्त्राचा टेकू दिला गेला. पण ग्रंथ खरोखरच मालकांच्या सोयीचा असता, तर मालकांना त्याला कात्री लावावी लागली नसती.

ती लावली गेली. १८०७ साली लंडनमध्ये एक पुस्तक छापले गेले : ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडलेले बायबलचे भाग. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय असतात. या पुस्तकात उरले २३२. काय गेले, ते पाहण्यासारखे आहे. इजिप्तच्या गुलामगिरीतून इस्राएली लोकांना मोशे बाहेर काढतो, ती निर्गमची कथा गेली. स्तोत्रे सगळी गेली. शेजाऱ्याला मजुरी न देता राबवून घेणाऱ्याला यिर्मया शाप देतो, तो उतारा गेला. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांस लिहिलेले पौलाचे वाक्य गेले. ठेवले काय? दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे इफिसकरांच्या पत्रातले वचन. या पुस्तकाच्या मोजक्या प्रती शिल्लक आहेत. त्यातली एक अमेरिकेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात आहे, जे विद्यापीठ मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी निघाले.

कापणाऱ्यांना ग्रंथ नेमका कळला होता, असे म्हणावे लागते. आज्ञापालनाचे वचनही त्यातच आहे आणि निर्गमही त्यातच आहे, म्हणून तर कात्री लागली. जे कापले ते गुलामांच्या गाण्यांतून तरीही फिरत राहिले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये, खुनाच्या आदल्या रात्री, सफाई कामगारांच्या संपासाठी भाषण केले. त्याचा शेवट त्यांनी डोंगरावरून वचनदत्त देश पाहणाऱ्या मोशेच्या प्रसंगावर केला. दक्षिण आफ्रिकेत १९८५ च्या, वर्णभेदाविरुद्धच्या ‘कैरोस’ निवेदनाने रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, जो सरकारची आज्ञा पाळा म्हणून सतत पुढे केला जाई, त्याच्या त्या वापरालाच आव्हान दिले. आपल्याकडे ख्रिस्ती धर्मचिंतक अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळूरला दिलेल्या व्याख्यानातून दलित धर्मचिंतनाची पायाभरणी झाली. पुढे त्यांनी आधार घेतला तो ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायाचा, जिथे पिकाची पहिली टोपली देवापुढे ठेवताना माणसाने आपल्या पूर्वजांची भटकंती आणि गुलामी मोठ्याने सांगायची असते.

गैरसमज : विज्ञानाने ते मोडीत काढले

जग ख्रि. पू. ४००४ साली निर्माण झाले, हे बायबलमध्ये लिहिलेले नाही. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळ्यांची बेरीज करून तो आकडा काढला आणि पुढे तो इंग्रजी बायबलांच्या समासात छापला जाऊ लागला. समासातले लोकांनी मजकूर म्हणून वाचले. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच बजावले होते की निसर्गाविषयी ज्यांना खात्रीचे ज्ञान आहे, त्यांच्यासमोर उत्पत्तीचा हवाला देऊन ख्रिस्ती माणसाने स्वतःचे हसे करून घेऊ नये. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत १९२७ साली मांडणारे जॉर्ज लेमेत्र हे बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू होते. आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी प्राणी व मग माणूस, तर दुसऱ्यात आधी माणूस व मग प्राणी असा क्रम आहे. ज्यांनी हे दोन अध्याय लागोपाठ ठेवले, त्यांना तो दिसला नसेल असे मानणे कठीण आहे. गॅलिलिओवरचा १६३३ चा खटला घडला, तो घडायला नको होता, आणि तो ऑगस्टीनचे न ऐकल्याचा परिणाम होता.

आता ज्यांना हे स्वतः तपासायचे आहे, त्यांच्यासाठी. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. लंडनमध्ये विद्यार्थी असताना गांधीजींनी तसे केले आणि उत्पत्तीच्या पुढच्या भागाने आपल्याला हमखास झोप येई, असे आत्मकथेत नोंदवले. मग नव्या करारातले डोंगरावरील प्रवचन थेट हृदयाला भिडले. ते मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायात आहे. मार्क सर्वांत आखूड, १६ अध्यायांचा, एका बैठकीत होतो. रूथला अर्धा तास पुरतो. आमोस हा मेंढपाळ संदेष्टा गरिबांना चपलांच्या जोडासाठी विकणाऱ्यांवर तुटून पडतो, तो ज्वारीचे भाव आणि व्याजाचे दर माहीत असलेल्या वाचकाला लगेच कळेल. लेवीयच्या पुस्तकाला वेळ आहे. ईयोब मात्र सलग वाचा, आणि त्याच्या मित्रांची भाषणे गाळू नका; ती कंटाळवाणी आहेत, पण आपण दुसऱ्याच्या दुःखात जे बोलतो ते तसेच असते.