ह्युएनत्संगाचा महाराष्ट्रातील मुक्काम

ह्युएनत्संग (सातवे शतक) या चिनी बौद्ध यात्रेकरूने इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रास भेट दिली. तो तेथील कोणत्या नगरात उतरला, हा प्रश्न संशोधकांत दीर्घकाळ वादाचा ठरला आहे. मायदेशी परतल्यावर ६४६ मध्ये सिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने ‘मो-हो-ल-च’ देशाचे वर्णन केले असून तेथील राजा पु-लो-कि-शे म्हणजे बादामीचा चालुक्य नृपती दुसरा पुलकेशी होय, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो राजधानीसंबंधी. कारण तिचे नाव त्याने दिलेले नाही.

वृत्तांतातील खुणा अशा : राजधानीच्या पश्चिमेस मोठी नदी असून नगराचा परीघ सु. ३० ली आहे. कोंकणपुराहून वायव्येस २,४०० ते २,५०० ली चालल्यावर हा देश लागतो आणि तेथून पश्चिमेकडे सु. १,००० ली जाऊन नर्मदा ओलांडली की भडोच येते. ली या मापाचे मूल्य निश्चित नसल्याने १,००० ली म्हणजे ३०० ते ४५० किमी. असे ढोबळमानानेच धरावे लागते.

पुलकेशीची राजधानी म्हणून बादामीचे नाव प्रथम पुढे येते. तथापि तिच्या पश्चिमेस लगत मोठी नदी नाही आणि भडोचपासून ती सरळ रेषेत सु. ७०० किमी. दूर आहे. व्हिव्हिअँ द सँ-मार्तँ यांनी देवगिरी सुचविली. परंतु ती नदीकाठी वसलेली नाही. कनिंगहॅम यांनी कल्याण वा कल्याणीचा, तर फर्ग्युसन यांनी टोके, पुणतांबे किंवा पैठण या गोदाकाठच्या स्थळांचा पक्ष घेतला. प्रवासवृत्ताचे इंग्रजी भाषांतरकार बील (१८८४) यांना अंतर व दिशा पाहता तापी अथवा गिरणा नदीचे खोरे संभाव्य वाटले. फ्लीट यांनी नासिकचे मत मांडले. नासिक भडोचपासून सरळ रेषेत सु. २०० किमी. असून गोदावरीकाठी आहे. पुलकेशीचा ६३० चा ताम्रपट नासिक जिल्ह्यातील लोहणेर येथे सापडल्याने या भागावरील त्याची सत्ता सिद्ध होते. मात्र तेवढ्याने नासिक राजधानी ठरत नाही. शिवाय नासिक भडोचच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, ही अडचण उरतेच.

वृत्तांतातील दिशा आणि अंतरे शब्दशः घेतल्यास एकही स्थळ सर्व खुणांशी जुळत नाही. राजधानी म्हणजे राजाचे मूळ पीठच असले पाहिजे, हे गृहीतही तपासण्याजोगे आहे. राजा उत्तरेकडील ज्या नगरात त्या वेळी राहत होता, त्यालाच यात्रेकरूने राजधानी म्हटले असणे शक्य आहे.

या वादाचे महत्त्व केवळ स्थलनिश्चितीपुरते नाही. महाराष्ट्रातील लोकांचा मानी व लढाऊ स्वभाव, पराभूत सेनापतीस स्त्रीवेष देण्याची चाल, शंभरांहून अधिक संघाराम व सु. ५,००० भिक्षू यांची माहिती याच वृत्तांतात आहे. देशाच्या पूर्वसीमेवरील डोंगरात त्याने वर्णिलेला विहार अजिंठ्याचा मानला जातो. यांपैकी प्रत्यक्ष पाहिलेले किती आणि ऐकीव किती, हे ठरविण्यास त्याचा मार्ग व मुक्काम निश्चित होणे आवश्यक आहे. राजधानीच्या जागेचा निर्विवाद निर्णय देणारा कोरीव लेख मात्र उपलब्ध नाही.