पट तोच, कायदे नवे

बुद्धिबळाचा पट चौसष्ट घरांचा आणि मोहरी बत्तीस, हे सगळीकडे सारखेच. पण दोन पिढ्यांमागे आपल्याकडे एकाच पटावर दोन वेगळे खेळ चालत, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. एक देशी आणि दुसरा आंतरराष्ट्रीय, ज्याला जुनी मंडळी सरळ ‘विलायती’ म्हणत. हातात मुरलेला डाव सोडून दुसरा धरायचा का, हा प्रश्न सातारा-सांगलीकडच्या अनेक खेळाडूंपुढे ऐन चाळिशी-पन्नाशीत उभा राहिला.

फरक ऐकायला किरकोळ वाटतो. देशीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. कॅसलिंग नव्हते, त्याऐवजी राजाला, शह बसण्यापूर्वी, एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे मनाला येईल ते होत नसे; हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती, उंटाच्या घरात पोचले तर उंट. प्याद्याने मात केली तर त्या ‘प्यादेमाती’चा मान मोठा. गावागणिक पोटभेदही होतेच, आणि त्यावरून भांडणेही.

पण या दोन-तीन कायद्यांनी सगळा डाव फिरतो. प्यादी एकेक घर चालली की दोन्ही फौजा एकमेकींना भिडायला वेळ लागतो. तोवर खेळाडू आपली रचना शांतपणे बांधतो. विलायती डावात दुसऱ्या-तिसऱ्या चालीलाच पटाच्या मध्यभागी टक्कर होते, आणि तिथे पाठ केलेल्या सुरुवाती लागतात. शेवटाकडे तर हिशेबच वेगळा. देशीत घोड्याच्या घराकडे निघालेले प्यादे आणि वजिराच्या घराकडे निघालेले प्यादे यांची किंमत एक नाही. विलायतीत दोघांनाही वजीर होता येते. तीस वर्षे एका भावाने तोलत आलेल्या माणसाला वजनेच बदलून दिल्यासारखे ते होते.

हा पेच जुना आहे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. मूळ संस्कृतातले ते डाव युरोपी पद्धतीला जुळवून घेतले आहेत, असे त्याच्या नावातच म्हटले होते. पुढे १९२९ मध्ये सर उमर हयात खान यांनी पंजाबातल्या मीर सुलतान खान यांना लंडनला नेले. देशी डावावर वाढलेला हा माणूस तिथल्या पहिल्या छोट्या स्पर्धेत तळाला राहिला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्येही. हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकालाही हरवले. मायदेशी परतल्यावर १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला, त्यात खाडिलकरांच्या हाती एक बरोबरी तेवढी लागली. जागतिक संघटनेने त्यांना मरणोत्तर ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये.

‘खरी बुद्धी असली की कायदे आड येत नाहीत’ असे सांगताना सुलतान खानांचा दाखला नेहमी दिला जातो. मला तो पुरता पटत नाही. ते तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते. खर्च करणारा धनी पाठीशी होता आणि विंटर, येट्स यांच्यासारखे खेळाडू सरावाला होते. इतके असूनही सुरुवातीच्या चालींत ते कच्चेच राहिले. त्यांनी जग जिंकले ते डावाच्या शेवटात. दिवसभर फायली हाताळून संध्याकाळी पट मांडणाऱ्या कारकुनाला हे माप कसे लावायचे?

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि या गावाला बुद्धिबळाचे वेड लावले. १९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी झाली आणि आपले रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते सर्वांना कळले होते.

माझे एक मामा साताऱ्याच्या कोर्टात नोकरीला होते. देशी डावात त्यांचा असा दबदबा, की वकीलमंडळी हरायलासुद्धा हौसेने येत. १९७३ मध्ये त्यांच्या सांगलीच्या स्नेह्यांचे, हळदीच्या अडतीवरच्या दिवाणजींचे, पत्र आले: ‘इकडे आता देशीला कोणी बसत नाही. नवे शिकून स्पर्धेला या, नाहीतर नुसते जेवायला या.’ मामांनी वहीत दोन रकाने पाडले. काय राहील: घोड्यावरची नजर, पुढच्या चार चाली दिसणे, चिवटपणा. काय जाईल: बांधणी, प्याद्यांचे भाव. आणि खाली, बारीक अक्षरात, ‘नाव’. कॉलेजातल्या पोरांकडून चारचौघांत हरावे लागणार होते.

शेवटी वहीने काहीच ठरवले नाही. त्या वर्षात त्यांच्या चार भिडूंपैकी दोघे गेले, एक मुलाकडे पुण्याला गेले, चौथ्यांना मोतीबिंदू झाला. समोर बसणाराच उरला नाही. मामा पावसाळाभर कंदिलापाशी नवी पुस्तके वाचत बसले. पुढच्या स्पर्धेत सातपैकी दोन डाव जिंकले, आणि दोन्ही लांबलेल्या शेवटात. सांगलीहून परतताना एस. टी. त ते कऱ्हाडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मग म्हणाले, “पोरं हुशार आहेत, पण घाई फार.” दिवाणजींशी मात्र पोस्टकार्डावर त्यांचा देशी डाव पुढे कितीतरी वर्षे चालू होता.

बँकेत संगणक आले तेव्हा मला मामांची वही आठवे. लेजरचे पान नुसत्या नजरेने बेरजून खाली आकडा टाकणारे लोक माझ्या शाखेत होते. त्यांतल्या काहींनी २००० नंतरच्या स्वेच्छानिवृत्तीचा कागद निमूटपणे भरला. त्यांना कळफलक जड नव्हता. आपली बेरीज कोणी विचारणार नाही, हे जड होते.

आता चक्र पुन्हा फिरते आहे. १९९६ मध्ये बॉबी फिशरने सुचवलेल्या प्रकारात मागच्या ओळीतली मोहरी चिठ्ठी टाकून मांडतात. मांडणीचे ९६० प्रकार होतात. पाठांतर निरुपयोगी ठरते. कार्लसनसारखा खेळाडू, ज्याने २०२३ मध्ये जगज्जेतेपदावरचा हक्क आपणहून सोडला, याच प्रकाराच्या बाजूने बोलतो. देशीवाल्यांना हे पाहून गंमत वाटली असती, कारण त्यांच्याकडे पाठ करायला कधी फारसे नव्हतेच.

सांगलीतल्या माझ्या पुतणीची मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला हा ९६० चा नाद लागला आहे, आणि शिकवणीचे पैसे कशावर घालावेत असे पुतणीने मला परवा विचारले. मी म्हटले, गावातल्या स्पर्धा नेहमीच्याच पद्धतीच्या आहेत आणि तिच्या वयाच्या मुली तिथेच भेटतील, तेव्हा शिकवणी त्याची लाव. रविवारी मांडू दे चिठ्ठ्या टाकून. समोर बसायला मी येईन.