तपासणीतून सुटलेल्यांची यादी

वर्धा जिल्ह्यातून प्रवासी विमान सुटत नाही. आर्वी, हिंगणघाट किंवा वर्ध्याच्या माणसाला विमानाने जायचे तर आधी नागपूरचे सोनेगाव गाठावे लागते. तिथे त्याचा पट्टा, पाकीट, मोबाइल ट्रेमध्ये जातो आणि तो हात पसरून जवानासमोर उभा राहतो. याच तपासणीतून कोणाला सूट आहे, याची सरकारी यादी आहे, आणि आपल्या विमानतळांवर तिचे फलक लागत आले आहेत. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री, सरन्यायाधीश, परदेशी राजदूत अशा तीसेक नोंदी तिच्यात आहेत. ही यादी कशी वाढली आणि कुठे आखडली, हे पाहण्यासारखे आहे.

एके काळी यादीची गरजच नव्हती. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाची आणि प्रवाशांची अदलाबदल करत आणि परत फिरत. आजच्यासारखी अंगझडती त्या प्रवाशांच्या वाट्याला आली नव्हती.

अपहरणांनी ते दिवस संपवले. जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ विमान लाहोरला नेले गेले, सप्टेंबर १९७६ मध्ये आणखी एक विमान तिथेच उतरवले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचा जन्म झाला. जून १९८५ मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात बाँबस्फोट होऊन ३२९ जण गेले आणि १९८७ मध्ये ब्युरोला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरण प्रकरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून त्याची सुरुवात झाली. तपासणीचा प्रत्येक नवा नियम असा कोणाच्या तरी मरणानंतर किंवा ओलीस धरले गेल्यानंतर आला आहे. म्हणूनच त्यातून सूट मागणाऱ्याने आपण नेमके काय मागतो आहोत, याचा विचार करायला हवा.

तो विचार फार थोड्यांनी केला. नवे शतक उजाडले आणि तपासणी हा मानापमानाचा विषय झाला. संरक्षणमंत्री असताना जॉर्ज फर्नांडिस यांची वॉशिंग्टनच्या विमानतळावर दोनदा कपडे उतरवून झडती झाल्याचे अमेरिकेचे माजी उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टालबट यांनी २००४ च्या पुस्तकात लिहिले आणि देशभर संताप उसळला. तो रास्त होता. पण २००५ मध्ये लोकसभा अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी ऑस्ट्रेलियाचा दौराच रद्द केला, कारण तिथले सरकार त्यांना तपासणीतून सूट द्यायला तयार नव्हते. त्याच वर्षी राजस्थान उच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांनाही यादीत घ्यावे, असा आदेश दिला. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०१६ मध्ये तो आदेश रद्द झाला. निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. कोणाला तपासायचे हे सुरक्षा यंत्रणांनी ठरवायचे धोरण आहे, न्यायालयाने त्यात शिरू नये, असा त्याचा आशय होता. आपल्याच बिरादरीला मिळू पाहणारी सवलत न्यायालयाने नाकारली, हे या इतिहासातले मोलाचे पान आहे.

यादीत पदावरचे लोक आहेत, तसे भारतरत्नाचे मानकरीही आहेत. म्हणजे लता मंगेशकर, भीमसेन जोशी, सचिन तेंडुलकर यांना ही सूट लागू झाली. दलाई लामा नावानिशी आहेत. सोनिया गांधींचे जावई रॉबर्ट वाद्रा यांचेही नाव होते. विशेष संरक्षण पथकाचे (एसपीजी) संरक्षण असलेल्यांबरोबर प्रवास करताना त्यांना सूट होती. पद नाही, गौरव नाही, केवळ नाते, म्हणून त्यावर वर्षानुवर्षे टीका झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये ते नाव काढले गेले.

याच्या उलट वागणे अब्दुल कलामांचे. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना बूट काढायला लावले. माजी राष्ट्रपती म्हणून ते यादीत होते, तरी त्यांनी मुकाट्याने तपासणी करू दिली. जुलैमध्ये बातमी फुटली, संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. तेव्हा विमान वाहतूक खाते गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांकडे होते. नियम मोडला होता, त्यामुळे माफी योग्यच. पण रांगेत उभे राहिल्याने कलामांची उंची तसूभरही कमी झाली नाही.

निवडणुकीत हाच प्रश्न हेलिपॅडवर येतो. एप्रिल २०१९ मध्ये ओडिशातील संबळपूरला निवडणूक निरीक्षक मोहम्मद मोहसिन यांनी पंतप्रधानांच्या हेलिकॉप्टरची तपासणी केली. एसपीजी संरक्षणाबाबतच्या सूचना पाळल्या नाहीत म्हणून निवडणूक आयोगाने त्यांना निलंबित केले, पुढे प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्या निलंबनाला स्थगिती दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीला, उद्धव ठाकरेंची बॅग उघडली गेली आणि त्यांनी स्वतः चित्रीकरण करत अधिकाऱ्यांना विचारले, सत्ताधाऱ्यांच्या बॅगा कधी तपासल्या? त्यानंतर फडणवीस, शिंदे, अजित पवार, अमित शहा यांच्याही बॅगा तपासल्याची दृश्ये समोर आली. प्रश्न सगळ्यांना पटला, कारण तपासणी टोचत नाही, तिच्यातला भेद टोचतो.

वर्ध्याच्या माणसाला हा भेद मोजायला माप बाहेरून आणावे लागत नाही. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. त्याआधी सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना मार्सेय बंदरावर जकात अधिकाऱ्याने त्यांना सामान विचारले होते. चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा, खादीचे पंचे असा हिशेब त्यांनी दिला. आपण कोण, हे सांगून ते बाजूने निघाले नाहीत. सेवाग्रामचे दिवस सुरू झाल्यावरही त्यांचा रेल्वेप्रवास तिसऱ्या वर्गाचाच राहिला. पवनारचे विनोबा मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले आणि परतीच्या वाटेवर भूदान सुरू झाले. त्यांना भारतरत्न मिळाले ते मृत्यूनंतर, १९८३ मध्ये. या दोघांचा मान सवलतीवर कधी अवलंबून नव्हता.

दुसरीकडे, ज्यांना खरोखर समजून घ्यायला हवे, त्यांची नोंद कोणत्या फलकावर आहे? ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी जाहीर गाऱ्हाणे मांडले की विमानतळावर दर वेळी त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. पण असे पाय, असे पेसमेकर, अशी थरथरती म्हातारपणे रोज त्या दारातून जातात, आणि त्यांना आपले हक्क माहीत नसतात.

मला यादी मोठी करण्यात किंवा सगळीच पुसण्यात रस नाही. ज्यांच्या भोवती सरकारचे सशस्त्र सुरक्षा कडे चोवीस तास असते, त्यांना पुन्हा तपासण्याने फारसे साधत नाही. त्यांची सूट समजण्यासारखी आहे. इतरांची सूट निव्वळ मानापोटी दिलेली आहे, आणि ती काढावी. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एसपीजी संरक्षण पंतप्रधान, त्यांच्यासोबत राहणारे निकटचे कुटुंबीय आणि पद सोडल्यावर पाच वर्षांपर्यंत माजी पंतप्रधान व त्यांचे असेच कुटुंबीय एवढ्यांपुरते आखले गेले. म्हणजे अशी कात्री चालवता येते. जिथे यादीचे फलक लागत आले, त्याच भिंतीवर दुसरा फलक लावावा: कृत्रिम अवयव, पेसमेकर, चाकाची खुर्ची असलेल्यांनी काय मागावे आणि जवानाने काय करावे, हे ठळक मराठीत सांगणारा. हात पसरून उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाशी नीट वागणे हाच त्या दाराजवळचा मान असावा, आणि तो सगळ्यांना सारखा मिळावा.