शाळा उघडण्याआधी घराचं घड्याळ लावा

जून लागला की बोईसरच्या दुकानांत दप्तरं, डबे, रेनकोट टांगलेले दिसतात आणि आपल्या घरांत एकच विषय असतो, काय काय घ्यायचं? आम्ही शिक्षक मात्र दरवर्षी दुसरंच बघतो. विदर्भ सोडला तर राज्यातल्या शाळा 15 जूनच्या आसपास उघडतात. पहिल्या आठवड्यात मुलांचं दप्तर नवं, बूट नवे, आणि दुसऱ्या तासाला पोर बाकावर डोकं टेकून गाढ झोपलेलं.

याला आई-वडिलांचा निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तारापूर एमआयडीसीत काम पाळ्यांमध्ये चालतं. अब्बू दुपारपाळी करून रात्री उशिरा घरी येतात, लाइट लागते, ताट वाढलं जातं. खोली एकच. मूल उठून बसतं, कारण दिवसभरात अब्बू भेटतात ते तेवढेच. त्यात जूनमध्ये इशाची नमाजच पावणेनऊ-नऊच्या सुमारास. जेवण त्यानंतर, मग मोबाइल. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात. सकाळच्या शाळेसाठी सहाला उठायचं तर नऊला झोपलं पाहिजे. मकतब फजरनंतर असेल तर आणखी लवकर.

म्हणून लहान मुलांचं जेवण मगरिबनंतर लगेच उरका, मोठ्यांसाठी थांबवू नका. झोपायची वेळ एका रात्रीत बदलत नाही. दोन आठवडे आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. अब्बूंची दुपारपाळी असेल त्या आठवड्यात मुलांना भेटायची वेळ सकाळची ठेवा, शाळेत सोडायला तेच जाऊ देत. शाळा सकाळची असेल तर दुपारी अर्धा तास कैलुला करायला लावा. ही सुन्नत आपण मोठ्यांनी सोडली, पण मुलांच्या फार कामाची आहे. आणि मकतबच्या हाफिजसाहेबांना विचारून बघा, असरनंतरच्या वेळेत जागा असेल तर कदाचित देतील.

आता कागदपत्रं. इथे मात्र आमचा राग आहे, आणि तो आपल्याच लोकांवर आहे. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, शाळेच्या रजिस्टरमध्ये तिसरं. 'शेख' इंग्रजीत एकीकडे 'ए-आय'ने लिहिलेलं, दुसरीकडे 'ई-आय'ने. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे नुसतं 'एमडी'. मुलगी दहावीपर्यंत पोचते आणि मग बोर्डाचा फॉर्म भरताना धावपळ सुरू होते. पहिलीला दाखल करताना रजिस्टरमध्ये जे लिहिलं जातं तेच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर जातं. मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करता येतो. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड होते. तेव्हा एका संध्याकाळी सगळे कागद चटईवर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. घरात तान्हं असेल आणि दाखल्यावर नाव घातलं नसेल तर आत्ताच घाला. मूल 5 आणि 15 वर्षांचं झालं की आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही बघून घ्या.

बोईसरमध्ये बरीच कुटुंबं उत्तर प्रदेश, बिहारहून आलेली. सुट्टीत गावी जातात, परतीचं तिकीट मिळत नाही, मूल जुलैत उगवतं. शक्य असेल तर तिकीट आधी काढा. नाहीच जमलं तर वर्गशिक्षकांना फोन तरी करा. आणि कायमचे इकडे आला असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला आला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. दाखला मागून येऊ शकतो, मूल घरी बसवू नका.

खरेदीबद्दल थोडंच सांगतो. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, गाइडवर घाईने पैसे घालू नका. पैसे घालायचेच तर युनिफॉर्मच्या दुसऱ्या जोडावर घाला. आपल्याकडच्या पावसात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि ओल्या शर्टात बसलेलं मूल आठवडाभरात तापाने घरी असतं. दप्तर मात्र हलकंच असू द्या. केंद्राच्या 2020 च्या धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत ठेवलंय, म्हणजे 25 किलोच्या मुलाला अडीच किलो. रात्री झोपण्याआधी वेळापत्रक बघून दप्तर त्याला स्वतःलाच भरू द्या. आणि एकदा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ते ठेवून बघा.