जुन्या व्हॅनचे मौन

जुनी व्हॅन विकत घेणारा माणूस सर्वप्रथम तिचा रंग पाहतो, मग टायर पाहतो आणि शेवटी पुढचे आसन उचलून इंजिनाचा आवाज ऐकतो. आवाज एकसुरी वाटला की त्याचे समाधान होते आणि इसार दिला जातो. गिअर-बॉक्स मात्र कोणी पाहत नाही, कारण तो दिसतच नाही. गाडीच्या पोटाखाली, तेलाने माखलेल्या एका बंद पेटीत विक्रेत्याला ठाऊक असलेले आणि ग्राहकाला ठाऊक नसलेले एक सत्य दडलेले असते. महिन्या-दीड महिन्यानंतर तिसरा गिअर टाकताना खरखर सुरू होते, तेव्हा ते बाहेर पडते. तोवर व्यवहार पुरा झालेला असतो आणि पतपेढीच्या कर्जाचा पहिला हप्ताही गेलेला असतो.

हा प्रश्न हौसेने मोटार बाळगणाऱ्यांचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जुन्या व्हॅनचा ग्राहक बहुधा निराळ्या थरातला असतो. मुलांना शाळेत पोचवणारा, भाजीचे वा दुधाचे कॅन वाहणारा, नोकरी सुटल्यावर स्वतःचा धंदा उभारू पाहणारा असा हा माणूस. १९८४ साली मारुतीची व्हॅन बाजारात आली. पुढे ती ‘ओम्नी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. ७९६ सी.सी.चे लहानसे इंजिन, चार गिअर आणि मागच्या चाकांना मिळणारी गती अशी तिची साधी रचना. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज विक्रीस येणारी प्रत्येक ओम्नी ही जुनीच असणार आणि तिच्या गिअर-बॉक्सने अनेक हातांचा धसमुसळेपणा सोसलेला असणार, हे उघड आहे.

झीज कशी होते?

गिअर-बॉक्सचे काम इंजिनाची शक्ती गरजेप्रमाणे चाकांना वाटून देण्याचे. चढावर जोर अधिक हवा, सपाटीवर वेग अधिक हवा. त्यानुसार दात्यांच्या निरनिराळ्या जोड्या कामाला लागतात. गिअर बदलताना निरनिराळ्या वेगांनी फिरणाऱ्या दोन भागांचा वेग आधी सारखा व्हावा लागतो. हे काम सिंक्रोनायझर नावाच्या कड्या करतात. त्या बहुधा पितळेच्या असतात आणि घर्षणाने झिजणे हा त्यांचा धर्मच आहे. दर शंभर पावलांवर थांबणारी, क्षमतेहून अधिक मुले कोंबलेली, अर्ध्या दाबलेल्या क्लचवर रेंगाळणारी शाळेची व्हॅन ही झीज कितीतरी लवकर ओढवून घेते. गिअरच्या दांड्यावर सदैव हात ठेवून गाडी हाकण्याची सवय त्यात भर घालते, कारण त्या हाताचा भार आतल्या फोर्कवर पडत राहतो.

तथापि प्रत्येक खरखर ही गिअर-बॉक्सचीच असते असे नव्हे. येथेच अनेकांचे पैसे वाया जातात. गाडी उभी आहे, क्लच पूर्ण दाबलेला आहे, तीन-चार सेकंद थांबूनही रिव्हर्स गिअर कुरकुरत पडतो, तर दोष बहुधा क्लच नीट न सुटण्याचा असतो. पुष्कळदा केबल जुळवून घेतल्याने काम भागते. उलट उभ्या गाडीत सर्व गिअर निमूट पडतात, पण चालत्या गाडीत एकच विशिष्ट गिअर खरखरतो, तेव्हा त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजल्याची शंका घ्यावी. न्यूट्रलमध्ये ऐकू येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असेल तर पेटीतील बेअरिंग तपासावे. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग. चौथ्या गिअरात चढावर ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिन गर्जते पण गाडी वेग घेत नाही, याचा अर्थ क्लच-प्लेट घसरते आहे. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा आणि न्यूट्रलमध्येही न थांबणारा आवाज प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकांच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो.

या सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे पडलेला गिअर आपोआप सुटणे. घाट ज्या गिअरात चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा जुन्या चालकांचा दंडक आहे. उतारावर इंजिनच गाडीला आवरून धरत असते. ऐन वळणावर गिअर सुटला की तो आधार नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक हळूहळू निकामी होत जातो. मागच्या बाकावर दहा-बारा मुले बसलेली असताना ही केवळ यंत्राची कुरबुर राहत नाही.

दाबलेला आवाज

गिअर-बॉक्सचा आवाज काही काळ दाबता येतो, ही खरी अडचण आहे. ठरल्याहून घट्ट तेल भरले की झिजलेले दाते तात्पुरते गप्प होतात. तेलात लाकडाचा भुसा मिसळण्याची युक्ती तर जुन्या गाड्यांच्या बाजारात जगभर कुप्रसिद्ध आहे. असे मौन गाडी थंड असेपर्यंत टिकते. तेल तापून पातळ झाले की बिंग फुटू लागते. म्हणूनच गल्लीच्या टोकापर्यंत मारलेली फेरी ही परीक्षाच नव्हे. किमान अर्धा तास, चढ-उतारासह, चारही गिअरांत गाडी चालवावी, आणि शक्य तर आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीकडून गिअर-बॉक्सचे थोडे तेल काढून पाहावे. तेलात पितळेची चमक किंवा लोखंडाचे कण दिसले तर ते तेल विक्रेत्यापेक्षा अधिक प्रामाणिक समजावे.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली आपला गाजलेला सिद्धांत मांडताना जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेतले होते, हा योगायोग नव्हे. गाडीचा दोष विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर ग्राहक प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि भाव पाडून मागतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही. परिणामी चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब तेवढ्या उरतात. २००१ साली ॲकरलॉफ नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. तात्पर्य, लपवलेला दोष एका ग्राहकाला बुडवून थांबत नाही. तो प्रामाणिक विक्रेत्यालाही बाजाराबाहेर घालवतो.

कायद्याचा आधार किती?

माल विक्री अधिनियम, १९३० चा मूळ कल ग्राहकाने स्वतः सावध राहावे असाच आहे. विक्रेता व्यापारी असेल तर मात्र काही गर्भित हमी लागू होतात. ग्राहकाने पाहणी केली असली, तरी त्या पाहणीत जे उघड व्हायला हवे होते तेवढ्याच दोषांना ही हमी लागू होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नेही एक महत्त्वाची सोय ठेवली आहे. व्यापारी हेतूने खरेदी करणारा ग्राहक मानला जात नाही. परंतु केवळ स्वयंरोजगाराने उदरनिर्वाह करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा यास अपवाद आहे. स्वतःची व्हॅन स्वतः हाकणाऱ्याला दलाल ‘तू धंद्यासाठी घेतलीस’ असे म्हणून सहजी वाटेला लावू शकत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, ही गोष्टही पुष्कळांना ठाऊक नसते.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकारपत्र घेणे बंधनकारक करणारे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. हे पाऊल स्वागतार्ह होय. परंतु त्यांचा भर गाडी कोणाच्या ताब्यात आहे आणि तिच्या वापराची जबाबदारी कोणाची, यावर आहे. पेटीत काय दडले आहे यावर नाही. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे विक्रेत्याने ठाऊक असलेले दोष लेखी सांगावेत असा नियम १९८१ साली करण्यात आला. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने तो फेटाळला. १९८५ पासून अमलात आलेल्या नियमाने गाडीच्या काचेवर हमी आहे की नाही हे सांगणारा कागद लावण्याची सक्ती केली, पण ज्ञात दोष सांगण्याची अट मात्र गळाली. सत्य सांगण्याची सक्ती विक्रेत्यांना कोठेच रुचत नाही, असा याचा अर्थ.

आपल्याकडे ही अट आणणे अवघड नाही. इंजिन, क्लच, गिअर-बॉक्स, ब्रेक आणि स्टिअरिंग या पाच भागांविषयी आपल्याला ठाऊक असलेले दोष व्यापाऱ्याने एका कागदावर लिहून, सही करून द्यावेत, एवढेच पुरे. कायदा होईपर्यंत ग्राहकाने तो कागद स्वतःहून मागावा. जो देईल त्याला चार पैसे अधिक द्यायला हरकत नाही. जो देणार नाही त्याच्या नकारानेच पुष्कळसे सांगितलेले असेल. झिजलेली कडी बदलता येते, घसरणारी प्लेट नवी घालता येते. गॅरेजात व्हॅन उभी राहिल्याने बुडालेली महिन्याची कमाई मात्र कोणी भरून देत नाही.