मुलीची पाठ वाकडी दिसते? चाकूआधी बरेच काही करता येते

मूल पाच-सहा वर्षांचे असेपर्यंत आईचा हात रोज त्याच्या पाठीवरून फिरतो. आंघोळ घालताना, तेल चोळताना, घामोळ्या बघताना. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की मोरीचा पडदा ओढून स्वतः आंघोळ करू लागते. एका खोलीच्या संसारात तर ती कपडेही भिंतीला पाठ लावून बदलते. नेमक्या याच काळात, दहा ते चौदा या वर्षांत, मुलींची उंची झपाट्याने वाढते, आणि काही मुलींचा पाठीचा कणा त्या वाढीबरोबर एका बाजूला कलत जातो. बहुधा दुखत काही नाही, म्हणून मुलगी बोलत नाही आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही. पुढे कधीतरी पोलक्याचे माप घेताना शिंपी म्हणतो, "हिचा एक खांदा वर आहे हो." तोवर उपचाराची चांगली वेळ बरीचशी निघून गेलेली असते.

या दोषाला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. मागून पाहिले तर कणा सरळ ओळंब्यात दिसायला हवा. या दोषात तो इंग्रजी सी किंवा एस या अक्षरासारखा बाजूला वळतो. नुसता वळत नाही, ओले लुगडे पिळावे तसा पिळलाही जातो. त्या पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात आणि तिथे उंचवटा दिसतो. वाढत्या वयाच्या शंभर मुलांत दोघा-तिघांना थोडाफार असा बाक असतो. त्यातले बहुतेक बाक किरकोळ असतात, त्यांना काही करावे लागत नाही. परंतु वाढत जाणारा मोठा बाक मुलग्यांपेक्षा मुलींत कितीतरी अधिक आढळतो. म्हणून हा लेख मुलींच्या आयांसाठी आणि बापांसाठीही आहे.

पाठ बघायला डॉक्टरच हवा असे नाही. मुलीला पातळ बनियनवर उभे करा. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात एकमेकांना लावून तिला कमरेतून पुढे वाकायला सांगा. तुम्ही मागे बसून पाठीच्या उंचीला डोळे आणा. पाठीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा उंच दिसला तर डॉक्टरकडे न्या. इंग्लंडचे शल्यचिकित्सक विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८६५ साली ही खूण लिहून ठेवली आणि आजही हाडांचे डॉक्टर पहिल्यांदा हेच करायला लावतात. उभी असताना एक खांदा वर, एक खवाटा बाहेर आलेला, कमरेची एक बाजू जास्त खोलगट, गणवेशाची कड एकीकडे लोंबणारी, याही खुणा आहेत. सहा महिन्यांतून एकदा बघितले तरी पुरे. महिला मंडळाने विहारात एखाद्या रविवारी पडदा लावून वस्तीतल्या सगळ्या मुलींच्या पाठी पाहिल्या तर त्याला पैसाही लागणार नाही.

आता घरोघरी होणारी चूक सांगतो. बाक दिसला की आधी मुलीलाच बोल लावले जातात. नीट बसत नाही, पोक काढते, दप्तर एकाच खांद्यावर घेते. यातल्या कशानेही स्कोलिओसिस होत नाही. दप्तराचे ओझे कमी असावे हे खरे, जड दप्तराने पाठ दुखते हेही खरे, पण कणा त्याने असा पिळत नाही. दहांतल्या आठ मुलांत नेमके कारण सापडतच नाही. काही घराण्यांत ते एकाहून अधिक जणांत दिसते. मागल्या जन्मीचे पाप, ग्रहणात आईने काही कापले, असल्या गोष्टी सांगणारे अजून भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे.

डॉक्टर उभ्याने संपूर्ण कण्याचा एक्स-रे काढतात आणि बाकाचा कोन मोजतात. ही पद्धत अमेरिकेतील डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली, म्हणून त्याला कॉबचा कोन म्हणतात. दहा अंशांपेक्षा कमी असेल तर तो स्कोलिओसिस धरत नाहीत. वीस-पंचवीस अंशांपर्यंत चार-सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. पंचवीस ते चाळीसच्या दरम्यान असेल आणि मुलीची वाढ अजून बाकी असेल तर ब्रेस, म्हणजे अंगाला बसणारा कडक प्लॅस्टिकचा साचा देतात. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेल्यावर शस्त्रक्रियेचा विचार होतो. वाढ किती उरली हे कमरेच्या हाडाच्या एक्स-रेवरून आणि पाळी कधी सुरू झाली यावरून ठरवतात. म्हणून डॉक्टर पाळीचे विचारतील तेव्हा लाजू नये, त्या उत्तरावर उपचार अवलंबून असतो.

ब्रेसचा खरेच उपयोग होतो का, याबद्दल डॉक्टरांतही बरीच वर्षे वाद होता. तो अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाने बराचसा मिटवला. आयोवा विद्यापीठाचे डॉ. स्टुअर्ट वाइनस्टाइन यांच्या नेतृत्वाखालील हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दहा ते पंधरा वर्षांची, वीस ते चाळीस अंशांचा बाक असलेली मुले त्यात होती. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक पन्नास अंशांच्या आत राहिला तर यश, असे ठरवले होते. ब्रेस घातलेल्यांत शंभरांत ७२ जणांना यश आले, न घातलेल्यांत ४८ जणांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ब्रेस न घालताही जवळजवळ निम्म्यांचा बाक पन्नासपर्यंत गेला नाही. तेव्हा बाक निघाला म्हणजे मुलीचे सगळे संपले असे मुळीच नाही.

याच अभ्यासात ब्रेसमध्ये उष्णता टिपणारे छोटे यंत्र बसवले होते. मूल सांगते ते नव्हे, खरोखर किती तास घातला ते त्यातून कळले. दिवसाला सरासरी तेरा तास किंवा अधिक घालणाऱ्यांत दर दहांपैकी नऊ जणांची शस्त्रक्रियेची पाळी टळली. सहा तासांहून कमी घालणाऱ्यांना न घातल्यासारखेच झाले. आमच्या मते या विषयातली सर्वांत मोलाची माहिती हीच आहे. पैसे साठवून ब्रेस करून आणला आणि तो ट्रंकेवर पडून राहिला, तर ते पैसे पाण्यात गेले.

घालणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पत्र्याच्या घरात वैशाखात प्लॅस्टिकचा साचा अंगावर ठेवणे म्हणजे शिक्षाच. आत शिवण नसलेले सुती बनियन घालावे, घामाने भिजले की बदलावे. कातडी लाल होऊन तशीच राहिली किंवा सोलवटली तर ब्रेस बनवणाऱ्याकडे जाऊन तो घासून घ्यावा, मनाने कापू नये. रात्रीची झोप आणि संध्याकाळचा घरचा वेळ धरला तरी बारा-तेरा तास भरतात. मात्र तुमच्या मुलीला किती तास हवे ते तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलेच खरे. शाळेत घालावा लागला तर वर्गशिक्षिकेला आधी भेटून सांगावे, म्हणजे चिडवाचिडवीला आळा बसतो. सहा-आठ महिन्यांत मुलगी वाढते, ब्रेस तोकडा होतो, नवा करावा लागतो. हा खर्च आधीच लक्षात घ्यावा. आणि ब्रेसने बाक नाहीसा होतो असे समजू नये. तो वाढू न देणे हे ब्रेसचे काम.

व्यायामाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात १८९४ साली जन्मलेल्या काटारिना श्रोट यांना स्वतःला हा दोष होता. सोळाव्या वर्षी त्यांना पोलादी साचा घालावा लागला. त्या डॉक्टर नव्हत्या. एका बाजूने दबलेला रबरी चेंडू आतल्या हवेने पुन्हा फुगतो हे पाहून त्यांना सुचले की, आपल्या पाठीच्या खोलगट बाजूत श्वास भरला तर? आरशांसमोर उभे राहून त्यांनी स्वतःवर प्रयोग केले आणि १९२१ पासून मायसेन गावी दुसऱ्यांना शिकवू लागल्या. आज श्रोट पद्धत जगभर शिकवली जाते. कॅनडातील एडमंटन येथील २०१६ सालच्या एका चाचणीत नेहमीच्या उपचारांना या व्यायामाची जोड दिल्यावर सहा महिन्यांत बाकात थोड्या अंशांचा फायदा दिसला. थोड्याच, हे विसरू नये. हा व्यायाम प्रत्येकाच्या बाकाप्रमाणे वेगळा असतो, त्यामुळे तो शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच घ्यावा आणि ब्रेस सांगितला असेल तर ब्रेसही चालू ठेवावा. मालिश, मणके कडकड वाजवणे, कॅल्शियमच्या गोळ्या यांनी बाक थांबत नाही.

अगदी तान्ह्या मुलांतही बाक येतो. लंडनजवळील स्टॅनमोर येथील रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलच्या शल्यचिकित्सक मिन मेहता यांनी २००५ साली अशा १३६ मुलांचा अहवाल दिला. अंगाला प्लॅस्टरचा साचा घालायचा, मूल वाढले की बदलायचा, असा उपचार. सरासरी दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात आणलेल्या ९४ मुलांचा बाक पुरता गेला. सरासरी अडीच वर्षांच्या वयात आलेल्या ४२ मुलांचा कमी झाला, पण गेला नाही. एका वर्षाच्या आतबाहेरचा हा फरक आहे.

मुलीचा बाक लपवण्यामागे लग्नाची काळजी असते. तिला मूल होईल का, काम झेपेल का? आयोवातच उपचार न घेतलेल्या रुग्णांना पन्नास वर्षे पाहिले आणि २००३ साली निष्कर्ष मांडले. पाठदुखी त्यांच्यात जास्त होती, शंभरांत ६१ जणांना, तर बाक नसलेल्यांत ३५ जणांना. पण बहुतेकांनी इतरांसारखीच नोकरी केली, घर चालवले. बेताच्या बाकाने गर्भारपण अडत नाही. वेगवान धावपटू उसेन बोल्ट यालाही स्कोलिओसिस आहे, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. पाठीच्या आणि पोटाच्या व्यायामात खंड न पाडता त्याने ऑलिंपिकची सुवर्णपदके जिंकली.

मोठ्या माणसांच्या कंबरदुखीचे गणित निराळे आहे. पाट्या वाहणारा, झाडू मारणारी, दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी, सगळ्यांनाच ती कधी ना कधी गाठते. दुकानात मिळणारा कमरेचा पट्टा दिसायला ब्रेसचा भाऊ, पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पट्टे आणि वजने लावून ओढणे या दोहोंची शिफारस करू नये असे सांगितले. शिफारस केली ती व्यायामाची आणि दुखणे समजावून सांगण्याची. नुकत्याच धरलेल्या कमरेबद्दल हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा १९९५ सालचा अभ्यास आहे. दोन दिवस अंथरुणात पडलेल्यांपेक्षा, सोसवेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. चकती सरकून पायात कळ जात असली तरी बहुतेकांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो. रोजावर काम करणाऱ्याने मुकादमाला सांगून निदान दोन-तीन आठवडे ओझे हलके मागावे. तेवढे मागणे सोपे नसते, तरी मागावे.

मात्र काही दुखणी घरी ठेवायची नाहीत. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली शक्ती गेली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. पाठ रात्रीही दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, मणक्यावर टोकदार उंचवटा दिसतो, तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. तोही बहुतेकांत औषधांनी बरा होतो. कोरियातील मासान येथील १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिंडते-फिरते राहून गोळ्या घेणारे रुग्ण, महिनोन्‌महिने खाटेवर ठेवलेल्यांइतकेच बरे झाले. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत.

मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिकोपचार व पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे. ब्रेस आणि कृत्रिम अवयव तिथे तयार होतात. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या हाडांच्या विभागात जाऊन ब्रेस कुठे बनतो ते विचारावे. जाताना जुना एक्स-रे बरोबर न्यावा आणि घरी आल्यावर तो गादीखाली न दुमडता सपाट ठेवावा. बाक वाढला की तसाच आहे, हे पुढच्या खेपेला डॉक्टर त्या जुन्या एक्स-रेशी ताडूनच सांगतात.