अमेरिकन पर्सिमन

अमेरिकन पर्सिमन (शास्त्रीय नाव: डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना) हा अमेरिकेच्या पूर्व व आग्नेय भागांतील मूळचा पानझडी वृक्ष आहे. महाराष्ट्रात ज्याच्या पानांपासून विड्या वळतात, तो टेंभुर्णी वृक्ष याच प्रजातीतील होय.

वर्णन

पानगळीच्या ऋतूत पर्सिमनची पाने पिवळी ते तांबूस-जांभळी होतात. दिवस लहान व रात्री थंड होऊ लागल्या की पानांतील हरितद्रव्य कमी होऊन मुळातच असलेली पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात. तांबूस छटा मात्र नव्याने तयार होणाऱ्या अँथोसायनिनमुळे येते. पाने झडल्यावरही नारिंगी फळे फांद्यांवर टिकून राहत असल्याने परसबागेतील रंग हिवाळ्याच्या तोंडापर्यंत पुरतो. नर व मादी फुले सहसा वेगवेगळ्या झाडांवर येतात. त्यामुळे एकटे नर झाड लावल्यास फळे मिळत नाहीत.

फळ व उपयोग

कच्चे फळ टॅनिनमुळे अत्यंत तुरट असते व ते फार खाल्ल्यास जठरात घट्ट गोळा तयार होऊ शकतो. दंव गोठल्याखेरीज फळ गोड होत नाही, हा समज प्रचलित असला तरी बरोबर नाही. गोडी पूर्ण पिकण्यावर अवलंबून असते. फळ अगदी मऊ झाले की ते पिकले असे मानतात.

इंडियाना राज्यात पिकलेल्या फळांचा गर चाळणीतून काढून त्यात मैदा, साखर, अंडी, दूध व दालचिनी मिसळतात आणि मंद आचेच्या ओव्हनमध्ये त्याचे गडद तपकिरी पुडिंग भाजतात. अर्धवट पिकलेले एखादे फळही त्यात गेल्यास तुरटपणा उतरतो. म्हणून फळे निवडून घ्यावी लागतात.